समोरच्याची बाजू आधी

जमिनीचं बोलणं नाताळ आटोपल्यावर करू, असा निरोप दानीएलकाकांनीच धाडला होता, आणि नाताळ तर आटोपला. देवळातल्या पताका अजून उतरल्या नव्हत्या, करंज्यांच्या डब्यात तळाला नुसता चुरा उरला होता. तरी विषय कोणी काढेना. लिडियाबाई सकाळपासून काकांच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडलेले सुपात घेऊन पुन्हा निवडत होत्या.

"आई, आज बोलायचं ना?" कृपाने विचारलं.

"मी काय बोलणार? वकिलीला तू गेलीस."

"पहिलंच वर्ष आहे माझं. पहिल्या वर्षाच्या पोराला कोर्टाच्या पायरीवरसुद्धा कोणी उभं करत नाही."

"दानीएलभावजींना तेवढं पुरेल," लिडियाबाई म्हणाल्या, आणि सुपातला खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला.

आमोसमास्तर, कृपाचे बाबा, गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. पावसाळ्यात त्यांना ताप काय भरला आणि आठवडाभरात ते गेले काय. पुण्याहून कृपा नगरला पोचली तेव्हा मिशनच्या शाळेतली पोरं रांगेने कबरस्तानातून परत येत होती. मास्तर होते तोवर शाळेमागची दोन खोल्यांची जागा त्यांची होती. आता उन्हाळ्यानंतर तिथे नवे मास्तर येणार. लिडियाबाईंना डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि छपराखालची जमीन आपली हवी होती, कोणी दिलेली नको होती. पारनेरजवळच्या या वाडीतलं रान आमोस आणि दानीएल या दोघा भावांचं. त्यातलं अर्धं आपलं, तिथे बांधाला दोन खोल्या घालू, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दानीएलकाकांचा हिशेबही तितकाच साधा होता. आमोसदादाला मुलगा नाही. भाऊ गेला, भाऊ आहे. वहिनीने इकडे यावं, आतली खोली घ्यावी, भाकरीला कधी कमी पडणार नाही. हे ते मनापासून म्हणत, आणि लिडियाबाईंना नेमकं तेच सोसत नसे.

मधे होती कृपा. आईच्या समजुतीप्रमाणे ती आईची वकील होती, काकांच्या समजुतीप्रमाणेही ती आईचीच वकील होती. ती पुण्याहून काय घेऊन आली आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

*

कॉलेजात पहिल्या सत्रात तिला कायदा फारसा शिकवलाच नव्हता. शिकवलं होतं ते कसं लिहायचं आणि कुठे शोधायचं. तिचा पहिला कागद सरांनी परत दिला तेव्हा त्यावर लाल पेन्सिलीच्या नुसत्या रेघा होत्या. 'उघडच', 'निःसंशय', 'अर्थातच' एवढेच शब्द खोडलेले. बाकी मजकुराला त्यांनी हात लावला नव्हता. शब्द गेल्यावर वाक्यं उघडीवाघडी दिसायला लागली, आणि त्यातली निम्मी उभीच राहीनात.

"हकिगत अशी लिहायची," सर वर्गात म्हणाले होते, "की समोरच्या पक्षाच्या वकिलाला वाटावं, हा कागद माझ्याच कचेरीतून गेलाय. आणि समोरच्याची बाजू आधी. पूर्ण. चोरून ठेवायची नाही."

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मग सर, आपली बाजू घ्यायला अशील आपल्याकडे येईलच कशाला?"

"आपल्या सोयीचा निकाल त्याला कोणीही काढून देईल. गैरसोयीचा कोण देणार?"

गैरसोयीचा शोधायची रीत कष्टाची होती. आधी निकालांच्या सारसंग्रहात विषय काढायचा, तिथून निकालाच्या जाड पुस्तकात जायचं, आणि आपल्याला हवं ते सापडलं की थांबायचं नाही. त्यापुढची सगळी वर्षं चाळायची. तो निकाल कोणी पुढे मोडला तर नाही ना, हे बघायचं. लढाई संपून वर्ष उलटलं होतं तरी कागदाचा तुटवडा होता. कृपा टिपणं जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूला करायची. बाबा गेल्यावर बाकीच्या मुली तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या. ग्रंथालयात सगळेच हळू बोलत, म्हणून ती तिथे बसायची.

ख्रिस्ती माणसाच्या वारशाचा कायदा तिला पहिल्याच दुपारी सापडला. नवऱ्याच्या मागे बायकोला तिसरा हिस्सा, उरलेलं मुलांना, आणि मुलगा-मुलगी सारखी. बाबांचं जे काही आहे ते आईचं आणि तिचं. काकांचा त्यात काही संबंध नाही. तिला इतका आनंद झाला की पुस्तक मिटून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मग सरांची रीत आठवून परत आत गेली.

चौथ्या दिवशी मुंबई हायकोर्टाचा एक जुना निकाल निघाला. बाप्तिस्मा घेतला तरी एखाद्या घराने एकत्र कुटुंबाची जुनी रीत चालूच ठेवली असेल, तर ती चालू धरता येते, असं त्यात म्हटलेलं. तसं असेल तर गेलेल्या भावाचा वाटा मागे राहिलेल्या भावाकडे जातो. म्हणजे सगळं काकांचं. पुढची वर्षं तिने पानापानाने चाळली. इतर प्रांतांत याच्या उलट मतं होती. मुंबईत हा निकाल कोणी मोडलेला नव्हता.

तेही एकवेळ ठीक. पण सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या पसंतीचा एक प्रश्न लिहून आणायला सांगितला, तेव्हा कृपाने नावं बदलून आपल्याच घराचा लिहिला. वंशवृक्ष काढला. वर पणजोबा भीमा, जे बाप्तिस्मा न घेताच गेले. त्यांच्याखाली आजोबा अब्राहाम, ज्यांनी घेतला. त्यांच्याखाली दोन रेघा, दोन मुलगे.

सरांनी पेन्सिल त्या दोन रेघांपाशी थांबवली. "या आजोबाला मुलगी नव्हती?"

"होती," कृपा म्हणाली. मग म्हणाली, "आहे. एक."

"मग ती झाडावर कुठे आहे?"

वर्गात बाकीचे हसले. दयाआत्या कृपाच्या डोळ्यांसमोर होती, चुलीपाशी बसलेली, लहानपणापासून तिच्या हातची भाकरी ती खात आली होती, आणि रेघ काढताना तिला आत्या आठवलीच नव्हती. कशी आठवेल? घरात कोणालाच कधी आठवली नव्हती.

तिसरी रेघ ओढल्यावर सगळा कागद फिरला. आईच्या बाजूचा तो ख्रिस्ती कायदा खरा, तर तो पंधरा वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हाही खरा होता. मग रानाचे वाटे दोन नाहीत, तीन. आणि दयाआत्याचा वाटा न देणाऱ्यांत दानीएलकाकांच्या बरोबरीने एक नाव आमोसमास्तरांचं. शिकलेले, नेमाने वर्तमानपत्र वाचणारे, चार गावचे लोक अर्ज लिहून घ्यायला ज्यांच्याकडे येत, ते.

घरी वाचायचा कागद तिने मराठीत लिहिला. दोन्ही बाजू लिहिल्या. तिसऱ्या रेघेबद्दल मात्र एक अक्षर तिच्या हातून उतरलं नाही.

*

दुपारी सगळे ओसरीवर बसले. दानीएलकाकांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि प्रार्थना केली. थोडी लांबली, कारण त्यांना तिथून पुढे यायचं नव्हतं. काकू खांबाला टेकून बसल्या. दयाआत्या आतल्या दाराच्या उंबऱ्याशी वालाच्या शेंगा सोलत होती. ती तिघा भावंडांत थोरली. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन परत आली ती याच घरात; काकांच्या पोरांना तिनेच वाढवलं, खुरपणीला तीच पुढे. घरातले सगळे तिला आक्का म्हणत.

"हं, वाचा बॅरिस्टरीणबाई," काका म्हणाले. "आमी काय, आडानी मानसं. सोपं करून वाचा."

कृपा उभी राहिली. या घरात वाचायचं ते उभं राहूनच. तिला उभी पाहताच काकूंनी पदर डोक्यावर ओढला, आत्याने शेंगा खाली ठेवल्या.

"मयत आमोस अब्राहाम..." तिने सुरुवात केली, आणि तिला थांबावं लागलं. कॉलेजात इंग्रजीत लिहिताना हा शब्द कागदावर गप पडून होता. इथे आईच्या समोर तो उच्चारला तशी लिडियाबाईंनी मान खाली घातली. "मयत आमोस अब्राहाम आणि त्यांचे धाकटे बंधू दानीएल यांच्यात जमिनीची वाटणी कधी झाली नाही. जमीन दानीएल यांनी कसली, विहिरीचं काम दानीएल यांनी केलं, धान्य मात्र दरसाल दोन्ही घरी गेलं..."

ती वाचत गेली. काकांच्या बाजूचं जेवढं काही होतं ते सगळं त्यात होतं: दुष्काळात त्यांनी एकट्याने बैल जगवले तेही, मुंबईचा निकालही. समोरच्याला स्वतः मांडता आलं नसतं इतकं नेटकं. लिडियाबाईंची मान हळूहळू वर आली आणि त्या लेकीकडे बघतच राहिल्या. एक भाग संपला. कृपा श्वास घ्यायला थांबली.

"आमेन," दयाआत्या म्हणाली.

सवयीने काकूही म्हणाल्या, "आमेन."

"झालं!" दानीएलकाकांनी मांडीवर थाप मारली. "आक्का आमेन म्हनली. आता काय ऱ्हायलं?"

"अहो काका, अजून अर्धं आहे! ही तुमची बाजू होती."

"माजी? मग माजी बाजू तू कशाला वाचतीस?"

"तेच म्हणते मी," लिडियाबाईंचा आवाज चिरकला. "याच्यासाठी तुला पुण्याला ठेवली? तो मुंबईचा निकाल यांना ठाऊक तरी होता का? कोणी सांगितलं होतं तुला तो हुडकायला?"

"आई, तो आहे. मी नाही सांगितला तरी तो आहेच. उद्या काकांनी वकील केला तर पहिल्या दिवशी तोच काढेल, आणि तेव्हा आपल्याकडे त्याला उत्तर नसेल."

"आता तरी आहे का?"

कृपाने कागद खाली घेतला.

"पोरगी सरळ हाय, वहिनी," काका म्हणाले. त्यांचा स्वर एकदम मऊ झाला होता, जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. "दादावर गेली. बस, किरपे, पानी पी."

"म्या काय आयकत नव्हते नीट," उंबऱ्यावरून आत्या म्हणाली. "वाचून थांबलीस, म्हनून आमेन म्हनले. किरपे, आता दुसरी बाजू कोनाची?"

"आईची."

"आन मी कंच्या बाजूत?"

आत्याने ते भांडायला विचारलं नव्हतं. पंगतीत आपण कुठे बसायचं हे विचारावं तसं विचारलं होतं. कृपाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर त्याचं उत्तर नव्हतं. ते नाही हे तिला पुण्यापासून ठाऊक होतं, आणि इथवर येताना मोटारीत ती देवाकडे एवढंच मागत आली होती की हे कोणी विचारू नये.

"आत्या, तू दोन्हीत नाहीस," ती म्हणाली. "मी तुला लिहिलंच नाही. चूक झाली. आजोबांच्या मागे कायद्याने तीन वाटे होतात. तिसरा तुझा."

"आता हे काय नवीन?" काका म्हणाले.

"नवीन नाही. पंधरा वर्षं जुनं आहे."

"मग मुदत गेली! पारनेरच्या बाजारात अर्ज लिहिनारा रंगनाथ बसतो, त्यानं सांगितलंय मला. बारा वरसं."

"तुम्ही आत्याला घराबाहेर काढलं असतं तर गेली असती, काका. तुम्ही तिला सांभाळलंत. ती याच घरात राहिली, याच रानातलं खाल्लं. मग तिच्यावर मुदत मोजत नाहीत."

काकूंना हसू आलं. ते पदरात घेत त्या म्हणाल्या, "म्हंजी चांगलं वागलो ही चूकच झाली म्हना की आमची!"

"कृपा," लिडियाबाई म्हणाल्या, "खाली बस. आक्का कधी काही बोलल्या आहेत का? त्यांना काय करायचंय जमीन घेऊन? लोक हक्कसोडपत्र करून देतात ते काही उगाच नाही. बहिणी सोडतातच."

"बगा, वहिनीला बी कळतंय," काका म्हणाले. तासाभरापूर्वी एकमेकांकडे न पाहणारी ही दोन माणसं आता एकाच बाजूला बसून कृपाकडे बघत होती. "आपल्यात बहिनीला जमीन देत न्हाईत. दादानं बी दिली न्हाई. दादाला कळत न्हवतं का? ह्योच तर रिवाज."

आणि इथे कृपाला दिसलं की काका, स्वतःला न कळता, नेमक्या जागी येऊन उभे राहिले आहेत. मुंबईच्या निकालाचा सगळा भार एका गोष्टीवर होता: घराने जुनी रीत खरोखर पाळली का? आत्याला वाटा दिला नाही आणि आत्याने तो मुकाट मान्य केला, तर रीत पाळली. मग रान काकांचं. आईला आतली खोली. पण आत्याने मागितला असेल तर? रीत म्हणून नाकारला नसेल, नुसताच दिला नसेल तर? मग ती रीत नाही. मग तीन वाटे, आणि त्यातला एक आईचा आणि तिचा.

आईचं छप्पर आत्याच्या एका वाक्यावर होतं. ते वाक्य आत्याला शिकवायचं नव्हतं. आणि ते निघालंच, तर बाबांविरुद्ध निघणार होतं.

"काका, मी आत्याला एक विचारणार आहे," ती म्हणाली. "ती 'नाही' म्हणाली तर तुमचा निकाल पक्का. 'हो' म्हणाली तर तो तुमच्या उपयोगाचा राहणार नाही, निदान माझ्या मते. कोर्ट काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही नको म्हणालात तर विचारत नाही."

"इच्यार," काका म्हणाले. "आक्का खोटं बोलनार न्हाई."

"आत्या, आजोबा गेले तेव्हा तू वाटा मागितला होतास?"

आत्याने सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या. "मागितला हुता."

लिडियाबाई ताठ झाल्या.

"बाबांना मातीत ठिवून आलो त्या आठवड्यात. आमोस हितंच हुता. म्या म्हनलं, आमोस, माजं काय? तू शिकल्याला हायेस, सांग. त्यो म्हनला, आक्का, कायद्यानं तुजा तिसरा वाटा हाय. मी दानीएलशी बोलतो." ती थांबली. "मग त्यो नगरला गेला. दर नाताळाला यायचा. माज्याशी सगळं बोलायचा, फकस्त तेवढं सोडून."

"ते असं म्हणणार नाहीत," लिडियाबाई म्हणाल्या. "कबूल करून द्यायचं नाही, असे ते नव्हते. आक्का, इतकी वर्षं झाली, तुमच्या ध्यानात चुकीचं राहिलं असेल."

"आई, हेच आपल्याला—"

"मला नको! त्यांना खोटं पाडून मला खोल्या नकोत. ते आता बोलायलाही नाहीत."

"दादा असा न्हवता," दानीएलकाकाही म्हणाले, पण ओसरीच्या जमिनीकडे बघत.

आत्याने त्यांच्याकडे मान वळवली. "दानीएल. तू दारात हुतास की. बैलाला पेंड भिजवत हुतास. आयकलं न्हाईस?"

बाहेर कुठेतरी पाखरं हाकलायला गोफणीचा आवाज झाला. ज्वारी आता कणसात आली होती; दिवसभर कोणीतरी रानातल्या माळ्यावर उभं लागायचं. काका मांडीवरचा फेटा गुंडाळत होते, उलगडत होते. कृपा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. 'नाही' म्हणायला त्यांना काहीच लागणार नव्हतं. आत्याच्या बोलण्याला दोनच साक्षीदार होते; एक कबरस्तानात होता आणि दुसरा समोर बसला होता.

"हुतो," काका म्हणाले.

"मग?"

"आयकलं हुतं. लई दिस वाट बगत हुतो, दादा आता काडील, मग काडील. त्यानं काडला न्हाई, म्या बी काडला न्हाई." ते उठले, फेटा डोक्याला न बांधताच पायऱ्या उतरले आणि गोठ्याकडे निघून गेले.

काकू त्यांच्या मागे जावं म्हणून उठल्या, दोन पावलं गेल्या, मग परत येऊन आत्याजवळ बसल्या. "माज्या संगं चुलीपाशी बसता एवढी वरसं," त्या म्हणाल्या, "एका शब्दानं बोलला न्हाईत."

"तुला सांगून काय, तू बी परघरचीच," आत्या म्हणाली. काकू चमकल्या, मग दोघी हसल्या.

लिडियाबाई मात्र हसल्या नाहीत. "आक्का, ते खोटं बोलले का तुमच्याशी? एवढंच सांगा."

"खोटं कशाला बोलंल? खरं तेच बोलला. भ्याला हुता." आत्याने शेंग उचलली, दाणे काढले. "तंट्याला लई भ्यायचा त्यो. ल्हानपनी बी बाबांनी आवाज चढवला की माज्या लुगड्याआड लपायचा. मास्तर झाला, पर आतून तसाच."

हे आत्याने मायेने सांगितलं. कृपाने बाबांना कितीतरी रूपांत पाहिलं होतं. कोणाच्या तरी लुगड्याआड उभे असलेले कधी पाहिले नव्हते.

"ते लिहायचं का आता?" लिडियाबाईंनी विचारलं.

"लिहावं लागेल."

"मग 'नाइलाज होता' असं लिही. एवढं तरी."

"नाइलाज होता की नाही ते मला माहीत नाही, आई."

तिने खाली बसून कागद उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: आमोस अब्राहाम यांना बहिणीचा हक्क ठाऊक होता. त्यांनी तसं तिला सांगितलं. वाटा दिला नाही. तीन वाक्यं झाली. आईला हवा होता तो शब्द तिच्याही बोटांत आला होता. तिने तो उतरू दिला नाही. शाई वाळेपर्यंत तिने कागद हातात धरून ठेवला. 'मयत' लिहायचं राहून गेलं होतं. तिने ते तसंच राहू दिलं.

"आत्या," ती म्हणाली, "हे तुझ्यासाठी लिहिलंय. तुला वाटा नको असेल तर तसंही लिहिता येतं. तू सोडलास की रानाचे दोनच वाटे होतील."

सगळ्यांना ठाऊक होतं की आता ती काय म्हणणार. म्हाताऱ्या बहिणी जे म्हणतात तेच. लिडियाबाईंनी तर 'आक्का, तुमचे उपकार' म्हणायला तोंड अर्धं उघडलंही होतं.

"मला पायजे," आत्या म्हणाली.

"काय?"

"माजा वाटा. हिरीकडचा."

"विहिरीकडचा?" लिडियाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "आक्का, चांगली जमीन तीच तेवढी आहे!"

"म्हनूनच," आत्या म्हणाली.

मग कृपाने पाहिलं की आईच्या डोळ्यांत काहीतरी जुळतं आहे. आत्याने सोडलं असतं तर 'बहिणी सोडतातच' ही रीत परत उभी राहिली असती. घेतलं, म्हणजे कायदा उभा राहिला, आणि त्या कायद्यात त्या स्वतःही होत्या. निम्मं गेलं होतं. तिसरा हिस्सा पक्का झाला होता. त्यांनी पदर सारखा केला आणि उंबऱ्याकडे सरकून आत्याच्या सुपातल्या शेंगा मूठभर आपल्या ओच्यात घेतल्या.

"मग मी ओढ्याकडची घेते," त्या म्हणाल्या. "तिथे खोल्यांना पाया तरी लागेल."

*

ऊन कलल्यावर दानीएलकाका परत आले. खांद्यावर मापायला मोटेचा जुना दोर, सोल, होता, दुसऱ्या हातात खुंट्या. डोळे लाल होते. चेहऱ्यावर राग होता आणि तो कोणावर काढायचा हे त्यांचं ठरलेलं दिसत नव्हतं.

"चला. उजेड हाय तवर हून जाऊ द्या," ते म्हणाले. "कोर्टाबिर्टात जायचं कारन न्हाई. पर एक सांगतो, वाटं तीन करा न्हाईतर तेरा. बैल माजे हायेत. औत मीच धरनार."

"मग दुसरं कोन धरनार?" आत्या म्हणाली. "मला येतंय व्हय?"

ज्वारीतून वाट होती. काका पुढे, त्यांच्या मागे आत्या, मग काकू. लिडियाबाई रेंगाळत कृपाच्या बरोबरीला आल्या.

"तो कागद पुण्याला नेणार आहेस का? सरांना दाखवायला?"

"नाही, आई."

कणसं दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. "माझ्याशीही नाही बोलले कधी," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र जागायचे नाताळात इथून परत आलो की. मी म्हणायची, काय होतंय? म्हणायचे, बाजरीची भाकर पचत नाही." त्यांनी एक कणीस हाताने बाजूला केलं. "आणि मी ओव्याचा काढा देत राहिले."

कृपाने आईचा हात धरला.

विहिरीपाशी काकांनी सोलाचं एक टोक काकूंकडे दिलं. बांध कुठून कुठे जातो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनी तो इमानाने दाखवला. एके ठिकाणी तर दोन पावलं मागे सरकून आत्याच्या बाजूला जास्त सोडलं आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. खुंटी ठोकून झाली.

आत्या आपल्या वाट्यात जाऊन उभी राहिली. या रानात तिने आयुष्यभर खुरपं चालवलं होतं, कापणी केली होती, पण हात मोकळे ठेवून ती इथे कधी उभी नव्हती. ते कुठे ठेवायचे हे तिला कळेना. शेवटी तिने ते कमरेवर ठेवले.

"पुढच्या रब्बीला हितं मी जवस पेरनार," ती म्हणाली.

"जवस?" दानीएलकाकांना इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. "आगं आक्का, जवस कवा आलंय का ह्या रानात? बाबांनी कवा पेरलं न्हाई, दादानं न्हाई, म्या न्हाई."

"तुमच्यात न्हाई आलं," दयाआत्या म्हणाली. "माज्यात यील."